भाकरीवरची पालथी वाटी

दोन वर्षं आमच्या घरात जेवताना दुसरा विषय निघाला नाही. भाजीत मीठ दोनदा पडलं तरी कुणाच्या लक्षात येत नव्हतं. क्रॉप कॅमेरा चांगला की फुलफ्रेम चांगला, जुना ठेवावा की नवा घ्यावा, एवढंच. हे दोन शब्द कानावर पडले की मला आता ताटावरून उठून जावंसं वाटतं. मी लिहिते आहे ती स्टुडिओची जुनी ऑर्डरवही आहे, मागची पानं कोरी राहिली होती. कुणी वाचणार नाही म्हणून लिहिते. बोलून आमच्या घरात काही होत नाही.

आमचा स्टुडिओ अमडापूरला, बाजाराच्या रस्त्याला. पुढची खोली स्टुडिओ, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. मालक, म्हणजे माझा नवरा, लग्नाचे फोटो काढतात. पूर्वी व्हिडिओही तेच काढायचे. त्यांचा धाकटा भाऊ, माझे दीर, कॉम्प्युटरवर अल्बम जुळवतात आणि उरलेला सगळा वेळ मोबाईलवर कॅमेऱ्यांच्या गप्पा ऐकतात. मी चौथी शिकले. पाचवीची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि इंग्रजीही पाचवीपासूनच होतं. त्यामुळे कॅमेऱ्यावरची अक्षरं मला लागत नाहीत. आकडे लागतात. आकड्यांवर मी बारा वर्षं फोटो काढते आहे.

मला या कामाची हौस नव्हती. लग्नघरी हळदीच्या खोलीत पुरुषाला जाता येत नाही आणि फोटो तर लागतो, म्हणून मालकांनी एकदा कॅमेरा माझ्या हातात दिला. म्हणाले, "तू फक्त बटन दाबजो." बटन दाबायला माझी हरकत नव्हती. पण फोटो काढणाऱ्याला बोलावं लागतं. इकडं पाहा, जरा सरका, हसा. हे माझ्या तोंडून निघत नाही. अनोळखी बाईनं माझ्याकडे सरळ पाहिलं की मी मान खाली घालते आणि कॅमेऱ्यावरचं काहीतरी उगाच फिरवत बसते. बायकांना वाटतं, फार बारीक काम करून राहिली.

माझं खरं काम मांडवात होतं. आमच्याकडे एक लांबची लेन्स आहे, अडीचशे आकड्याची. मालकांचं काढून झालं की ती जुन्या कॅमेऱ्याला लावून मी मांडवाच्या दांडीला टेकून उभी राहते, माणसांपासून बारा पावलांवर. बारा पावलांवरून चेहरा पूर्ण भरतो आणि मी कुणाच्या ध्यानातही येत नाही. बायका आपल्या बोलत असतात, पान लावत असतात, सुनेकडे डोळे वटारत असतात. तेव्हा त्यांचे चेहरे चांगले येतात.

त्यातही मी म्हाताऱ्या बायकांचा एकेक फोटो काढतेच. हे मला कुणी सांगितलेलं नाही. स्टुडिओत बसायला लागल्यापासून पाहते आहे, कुणाची आई गेली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुलगा कुठल्यातरी लग्नातला ग्रुप फोटो घेऊन येतो. तेरवीला हार घालायला फोटो पाहिजे असतो, आणि त्या बाईचा स्वतःचा फोटो जन्मात कुणी काढलेला नसतो. ग्रुपमध्ये ती मागच्या रांगेत, अर्धा चेहरा कुणाच्या तरी फेट्यामागे. तो चेहरा वेगळा काढून मोठा केला की दाणे पडतात, नाक कुठं, डोळा कुठं कळत नाही. मुलगा म्हणतो, चालते ताई, आता काय करता. आणि तो चेहरा पुढची तीस वर्षं भिंतीवर राहतो. म्हणून मी आधीच काढून ठेवते. कॉम्प्युटरमध्ये त्यांचं एक वेगळं फोल्डर केलं आहे, त्याला नाव दिलेलं नाही, नुसता एकचा आकडा टाकला आहे. मुलगा आला की मालक मला हाक मारतात आणि मी त्यात शोधते. बहुतेक वेळा सापडतो.

हे सगळं त्या एका जुन्या कॅमेऱ्यावर चाललं होतं. मग दिरांनी फुलफ्रेमचं काढलं.

पहिल्यांदा त्यांनी मला ते जेवतानाच समजावलं, तेवढं मात्र चांगलं समजावलं. ताटातली भाकरी समोर ठेवली आणि म्हणाले, "वयनी, हे पाहा. लेन्समधून येते ना, ते चित्र असं गोल येते, भाकरीवाणी. आता आपल्या कॅमेऱ्याच्या आत जो सेन्सर हाय ना, चित्र धरणारा, तो लहान हाय." आणि त्यांनी वरणाची रिकामी वाटी भाकरीवर मधोमध पालथी घातली. "एवढंच धरते तो. वाटीखालचं. बाकीची भाकर वाया. यालेच म्हणतात क्रॉप. फुलफ्रेमचा सेन्सर मोठा, तो पुरी भाकर धरते."

मला लगेच समजलं. वाटीखालचं तेवढंच घेऊन आपला कॅमेरा पूर्ण फोटोभर करतो, म्हणून लांबचं माणूस जवळ आल्यासारखं दिसतं. म्हणजे माझी बारा पावलं त्या वाटीमुळे होती.

मी म्हटलं, "मंग मले वाटीच पाह्यजे."

दीर हसले. मालकही हसले. "पुरी भाकर सोडून वाटी मांगून राह्यली!"

मीही हसले. पण मनात म्हटलं, सगळ्याच कामाला पुरी भाकरी कशाला लागते?

मालकांचं दुखणंही खोटं नव्हतं, हे मला लिहिलंच पाहिजे. आता लग्नं गोरज मुहूर्ताला लागतात आणि वेळेवर एकही लागत नाही. दिवस मावळला की जुन्या कॅमेऱ्याचे फोटो रवाळ यायचे, नवरीच्या गालावर रवा पेरल्यासारखा. लोक मोबाईलमध्ये चिखलीच्या कुणा स्टुडिओचे फोटो दाखवायचे आणि म्हणायचे, तुमचे असे काऊन येत नाहीत? मालक ते ऐकून घ्यायचे आणि घरी येऊन जेवायचे नाहीत. मोठ्या सेन्सरला कमी उजेड पुरतो, हे खरं आहे. हळदीच्या खोल्यांत तर एकच बल्ब असतो. तिथे तो हवाच होता. माझं म्हणणं एवढंच होतं की खोलीत नवा वापरा आणि मांडवात जुना राहू द्या. हे मी मालकांना एकदा ते दात घासत असताना सांगितलं. ते म्हणाले, "हो हो."

मग एका सोमवारी ते अकोल्याला गेले आणि वापरलेला फुलफ्रेम घेऊन आले, त्याची एक लेन्स सोबत. दुकानदाराशी बोली अशी झाली की आठवडाभर वापरून पाहायचा. पसंत पडला तर रविवारी जुना कॅमेरा आणि त्याच्या दोन्ही लेन्सा आणून द्यायच्या, नाही पडला तर हा परत. जुन्या लेन्सा नव्या कॅमेऱ्याला बसतच नव्हत्या. म्हणजे माझी अडीचशेची लेन्सही रविवारी जाणार होती. हे मला मालकांनी सांगितलं नाही. दीर फोनवर कुणाला तरी सांगत होते, ते मी ऐकलं.

त्याच दुपारी एक मुलगी फोटो काढायला आली, स्थळाला दाखवायचा, डोक्यापासून पायापर्यंत. आमच्या स्टुडिओत दोन-दोन फुटांच्या फरशा आहेत. मी त्या मोजून उभी राहते. जुन्या कॅमेऱ्यावर लेन्स पन्नासच्या आकड्यावर ठेवली की सहाव्या फरशीवरून माणूस नखशिखांत बसतो, ना बोटभर जास्त ना कमी. दीर मागून म्हणाले, "वयनी, आता चौथ्या फरशीवर या. फुलफ्रेम हाय. पन्नासवरच ठेवा."

मी चौथ्या फरशीवर गेले. मुलीचे गुडघ्याखाली पाय गेले. पाचव्यावर आले, घोटे गेले. सहाव्यावर आले तेव्हा बसली. ना बोटभर जास्त ना कमी.

मी म्हटलं, "भाऊजी, हा तर जुन्यासारखाच धरून राह्यला."

"असं नसते वयनी. फुलफ्रेम हाय तो."

"मंग पाय काऊन नाई आले?"

"तुमी पुढं वाकल्या असान." आणि मग समजावणीच्या सुरात, "आतून फरक रायते. तुमाले नाई दिसणार तो."

मालक कॉम्प्युटरवर त्या मुलीचा फोटो मोठा करून पाहत होते. म्हणाले, "काय क्लिअर आला बे! फुलफ्रेम तो फुलफ्रेम." दोघंही खुश होते. मी सहाव्या फरशीकडे पाहत उभी राहिले. फरशी काही सरकलेली नव्हती.

मंगळवारी मी पुन्हा सांगितलं. बुधवारीही सांगितलं. दीर म्हणाले, "वयनी, मी दोन वर्षं झाले याचा अभ्यास करून राह्यलो." बुधवारी तर त्यांनी मला नव्या कॅमेऱ्याच्या मागच्या कुठल्याच बटनाला हात लावायचा नाही अशी ताकीद दिली, नाजूक असतो म्हणून.

गुरुवारी गावातच एका घरी हळद होती, नवरदेवाकडची. आमच्याकडे हळद फोडायला पाच सवाशिणी उखळाभोवती बसतात आणि पाचही जणी मिळून मुसळाला हात लावतात. तो फोटो अल्बमच्या पहिल्या पानावर येतो. पाचातली एक जरी राहिली तरी तो फोटो लोक घेत नाहीत, अर्धी हळद फोडली म्हणतात. खोली होती देवघराला लागून, लांबट, आणि धान्याच्या कोठ्यांनी निम्मी भरलेली. जुना कॅमेरा असता तर भिंतीला पाठ लावून पाचही जणी जेमतेम बसल्या असत्या, रवाळ का होईना; त्याची जवळची लेन्स अठराच्या आकड्यापर्यंत उतरते आणि जास्त धरते, नव्याची चोवीसवरच थांबते. पण जुना मालकांजवळ बाहेर पुरुषांत होता आणि माझ्या हातात पुरी भाकरी होती.

डोळा लावला तर चारच बायका. मी मागं सरकले, पाठ भिंतीला लागली. चार बायका आणि पाचवीचा हात. पाचवी होती नवरदेवाची आत्या, अंगानं भरलेली, हिरव्या शालूत. मी उकिडवी बसले, कोठीवर चढले, दारात आडवी झाले. प्रत्येक वेळी कुणीतरी एक बाहेर.

आत्याबाई म्हणाल्या, "काय वं माय, नाचून राह्यली का फोटो काढून राह्यली?"

सगळ्या हसल्या. माझे कान तापले.

"मी आली का नाई त्याच्यात?"

मी पुन्हा डोळा लावला. शेवटी मालक दाराबाहेरून बोलले, "काऊन वं, जराक मांगं सरकता येत नाई का?"

मी म्हटलं, "भिताडात घुसू का मी?" एवढं मोठ्यानं मी माहेरीही बोलले नव्हते. खोलीत पुन्हा हसणं. शेवटी दोन फोटो काढले, तीन-तीन जणींचे, मधली एक दोन्हीत. आत्याबाईंनी ते मागच्या पडद्यावर वाकून पाहिले आणि अंगणात जाऊन सगळ्यांना सांगितलं की यांचा नवा कॅमेरा माणसं कापते.

घरी आल्यावर मालक टेबलाशी बसले. मग म्हणाले, "परत करतो. रविवारी नेऊन देतो. आपल्या नशिबात नाई तो." टेबलावर कॅमेऱ्याचा पट्टा होता, तो ते गुंडाळत होते आणि पुन्हा सोडत होते.

दीर म्हणाले, "दादा, कॅमेऱ्यात खोट नाई. हाताचा दोष हाय. वयनीच्या हाती द्यायलेच नाई पाह्यजे होता."

मी स्वयंपाकघरातून ऐकलं. तव्यावरची भाकरी करपली.

लग्न शुक्रवारी संध्याकाळी होतं, आणि सकाळी दोघं मांडवात आमचे फोटोचे दिवे बसवायला गेले होते. मी स्टुडिओ झाडला, मग नव्या कॅमेऱ्यावर हळदीची बोटं उमटली होती ती फडक्यानं पुसायला घेतली. मागून पुसताना अंगठा एका लहान बटनावर दाबला गेला. कॅमेरा चालू होता. पडद्यावरचं चित्र एकदम मागं सरलं. आधी भिंतीवरचं कॅलेंडर तेवढं दिसत होतं. आता कॅलेंडर, खिडकी, छत्री-दिव्याचा स्टँड, दाराची अर्धी चौकट, सगळं आत. मी जागची हललेही नव्हते. पुन्हा दाबलं, पुन्हा नुसतं कॅलेंडर, आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक खूण, चौकोनात लहान चौकोन. ती खूण मी सोमवारपासून पाहत होते. दिरांना विचारलंही होतं. ते म्हणाले होते, बॅटरीची असेल.

मी स्टुलावर बसले. ज्यानं कुणी हा कॅमेरा आधी वापरला त्यानं भाकरीवर वाटी पालथी घालून ठेवली होती आणि ती कुणी उचललीच नव्हती. पाच दिवस आम्ही गावभर फुलफ्रेम, फुलफ्रेम करत वाटीखालचे फोटो काढत होतो. दोन वर्षांचा अभ्यास!

मला आनंद व्हायला पाहिजे होता. आधी संतापच आला. मग मी नीट विचार केला, तेव्हा कळलं की मी काहीच बोलले नाही तर रविवारी हा कॅमेरा परत जातो. माझा जुना राहतो, अडीचशेची लेन्स राहते, बारा पावलं राहतात. मी न बोलल्याचं कुणाला नवल वाटणार नाही. मी कधी बोलते?

तासभर मी ते बटन दाबलं नाही. काम करत राहिले. तांदूळ निवडले. पण मालकांचा तो पट्टा गुंडाळणं डोळ्यांपुढून जाईना. दोन वर्षं हा माणूस रवाळ फोटोंपायी बोलणी खात होता. आणि दिरांचं ते वाक्य, हाताचा दोष. त्या वाक्यानं मला जास्त उठवलं हे खरं आहे. चांगुलपणानं मी उठले असं मी या वहीत लिहिणार नाही.

दोघं दुपारी जेवायला आले तेव्हा निरोप घेऊनच आले. आत्याबाईंनी सांगून पाठवलं होतं की लग्न लागायच्या आधी पाचही जणींना पुन्हा बसवा आणि फोटो नीट काढा, नाहीतर अल्बमच नको.

मी म्हटलं, "भाऊजी, चौथ्या फरशीच्या रेघेवर मी उभी रायते. तुमी भिताडाशी उभे राहा."

"आता काय वयनी, भूक लागली."

"उभे राहा."

ते उभे राहिले. मी लेन्स पन्नासवर ठेवली आणि एक फोटो काढला. मग अंगठा दाबला आणि त्याच जागेवरून दुसरा काढला. मग अंगठा पुन्हा दाबून ठेवला. दोन्ही फोटो कॉम्प्युटरवर लावले. पहिल्यात दीर गुडघ्यापर्यंत. दुसऱ्यात चपलांसकट.

मालक खुर्चीतून उठले. "हे काय केलं तू?"

"वाटी उचलली."

"काय?"

"याच्या आत भाकरीवर वाटी पालथी होती. सोमवारपासून सांगून राह्यली मी."

दिरांनी कॅमेरा हातात घेतला. मेनू उघडला, बंद केला, उघडला. मोबाईल काढला. "लेन्सचं काहीतरी असंल," म्हणाले. "तुमी झूम फिरवला असान."

"पन्नासवरच हाय. पाहून घ्या."

मालक म्हणाले, "सांग ना बाप्पा, कसं केलं?"

तेव्हा मी ते बोलले. सकाळपासून मनात घोकून ठेवलं होतं, तरी आवाज फाटला. "सांगते. पण जुना कॅमेरा अन् लांबची लेन्स जाणार नाई."

"हो हो, पाहू आपण."

"हो हो नोको. आता सांगा, त्याच्या बदल्यात दुकानदाराले काय द्यान ते."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. जुन्या कॅमेऱ्याला काय सोनं लागलं आहे, असं त्यांना वाटत असावं. मी कॉम्प्युटरवर एकच्या आकड्याचं फोल्डर उघडलं. त्यांना ते माहीत होतं, पण एकेक फोटो मागणीप्रमाणे पाहिलेला. सगळे एकदम कधी पाहिले नव्हते. ओळीनं म्हाताऱ्या. एक अत्तराचा फाया कानात घालून बसलेली, एक जावयावर रागावलेली, एक जिलबी चोखणारी. यातल्या कितीकांच्या तेरवीचे फोटो आम्ही करून दिले होते. मी म्हटलं, "हे फोटो बारा पावलांवरून येतात. त्याच्या आत मी गेली का, ह्या बाया पदर सावरून तोंड मिटून बसतात. अन् मले आत जाता येत नाई, हे तुमाले माईत हाय."

दीर म्हणायला लागले की फुलफ्रेमलाही मोठी लांब लेन्स मिळते. मालकांनी त्यांना हातानंच थांबवलं. मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि ती कपाटावर गेली. तिथे त्यांचा खांद्यावरचा व्हिडिओ कॅमेरा आहे, होता म्हणायला पाहिजे. तो आता कुणी मागत नाही, पण दसऱ्याला ते त्याची पूजा करतात. त्या कॅमेऱ्यावर त्यांनी माझं लग्न झाल्यावरची पहिली ऑर्डर केली होती.

"तो देतो," ते म्हणाले. सरळ म्हणाले. मलाच कसंतरी झालं.

दीर हसले, "द्या ना दादा. त्याले आता कोण इचारते?"

मी म्हटलं, "अन् भाऊजींचं गिंबल." गिंबल म्हणजे चालताना कॅमेरा हलू नये म्हणून हातात धरायची मशीन. वर्षभर खोक्यात पडून होती.

"वयनी!"

"तुमाले कायले लागते? तुमच्या हाताचा तर दोष नाई."

मालक इतके हसले की त्यांना खोकला आला. दिरांनी गिंबलचं खोकं आणून टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "बटन तरी दाखवा." मी दाखवलं. त्यांनी ते पाच-सहा वेळा दाबून पाहिलं आणि म्हणाले, "हाव, हे मले माईत होतं. लक्षात नाई आलं."

लग्नघरी पाचही जणींना पुन्हा बसवलं. त्याच खोलीत, तोच बल्ब. डोळा लावला तर पाचही जणी, दोन्ही बाजूंच्या कोठ्या आणि वरचा देव्हारासुद्धा. फोटो स्वच्छ. आत्याबाईंनी वाकून पाहिलं. "आली मी," म्हणाल्या. "पण लय जाडी दिसून राह्यली."

संध्याकाळी मांडवात नवा कॅमेरा मालकांच्या गळ्यात होता आणि मी दांडीला टेकून जुना घेऊन उभी होते. बारा पावलं मोजली होती. नवरदेवाची आजी खुर्चीत बसून सगळ्यांच्या पायातल्या चपला पाहत होती. तिचा एक फोटो घेतला, चांगला आला.

रविवारी मालक व्हिडिओ कॅमेरा सतरंजीत गुंडाळून अकोल्याला घेऊन गेले. दुकानदारानं कुरकुर केली म्हणे, पण गिंबल पाहून तयार झाला. दीर दोन दिवस माझ्याशी तुटक बोलले. तिसऱ्या दिवशी नव्या कॅमेऱ्याला कोणती लेन्स पाहिजे यावर जेवताना सुरू झाले. मी वाटी सरळ ठेवली आणि वरण वाढलं.

पुढच्या सोमवारी ते दोघं अल्बमला बसले होते. मालकांनी मला हाक मारली. पडद्यावर मांडवातला मोठा ग्रुप फोटो होता, नवरा-नवरी आणि साठ-सत्तर माणसं, सगळ्यांचे पाय आत, कुणी कापलेलं नाही. "डाव्या अंगाले पाहा," ते म्हणाले.

डाव्या अंगाला, अगदी कडेला, दांडीजवळ मी होते. जुना कॅमेरा डोळ्याला, दुसरा डोळा मिटलेला, तोंड थोडं उघडं, पदर पट्ट्यात अडकलेला. मालकांजवळ जुना कॅमेरा असता तर त्याच जागेवरून मी फोटोच्या बाहेर राहिले असते. बारा वर्षं राहिले होते.

मी म्हटलं, "काढून टाका मले तिथून."

दीर म्हणाले, "सोपं हाय, कडेचं कापून टाकू."

"नाई कापत," मालक म्हणाले. "हिचा एकही फोटो नाई आपल्याजवळ. लग्नातला सोडून." आणि त्यांनी माझ्याभोवती चौकोन ओढला, तेवढाच भाग मोठा करून वेगळा ठेवला. मोठ्या सेन्सरमुळे तो मोठा करूनही रवाळ झाला नाही, हे त्यांनी मला दोनदा दाखवलं. मग तो नेऊन टाकला कुठं, तर माझ्या एकच्या आकड्याच्या फोल्डरात, जिलबी चोखणाऱ्या म्हातारीच्या शेजारी.

मी अजून चाळिशीची नाही. त्या फोल्डरात कोण असतात हे त्यांना माहीत आहे. मी तसं म्हटलंही. ते म्हणाले, "हो हो."

पुढच्या लग्नात मी दांडी बदलली. पंधरा पावलांवर, पुऱ्या भाकरीच्याही बाहेर उभी राहिले. चेहरा थोडा लहान येतो, पण चालतं.